शेतात सापडलेला काळा जड दगड अशनी आहे का? घरी कसं तपासायचं आणि खरा निघाला तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूर जिल्ह्यात शेत आहे, उन्हाळी नांगरट करताना धुऱ्याजवळ काळा दगड लागला. वजन ३ किलो २०० ग्रॅम, लोहचुंबक खटकन चिकटतं, एका बाजूला बारीक बारीक छिद्रं आहेत आणि एक कोपरा फुटलाय तिथे आतून काळा, काचेसारखा चकचकीत दिसतो. आजोबा म्हणतात त्यांच्या लहानपणी याच शिवारात आकाशातून आग पडली होती. गावात बातमी पसरल्यावर एक माणूस घरी येऊन गेला, तो लाखांत किंमत सांगतोय पण आधी 'टेस्टिंग'चे पंधरा हजार मागतोय. हा उल्कापाषाण आहे का, विकावा का, की कोणाला दाखवावा?

पैशाचं आधी सांगते कारण ते आजच कामाला येईल. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. राईस पुलर म्हणजे तांदूळ ओढून घेणारं चमत्कारी भांडं, या नावाखाली तांब्याची भांडी घेऊन जे लोक फिरतात ना, त्यांची पद्धत हीच असते, आधी डोळे दिपवणारी किंमत सांगायची, मग परदेशातली कंपनी, मग टेस्टिंग फी, मग सुटाबुटातला 'सायंटिस्ट', आणि प्रत्येक पायरीला तुमच्याच खिशातून पैसे. खऱ्या तपासणीला शेतकऱ्याकडून असे ॲडव्हान्स पैसे कोणी मागत नाही. तो परत आला तर सरळ पोलीस स्टेशनला सांगा.

आता दगडाचं. मी गेली बावीस-तेवीस वर्षं खडकांच्या केमिस्ट्रीवर काम करते, त्यातली बरीचशी आपल्या काळ्या पाषाणावर म्हणजे बेसॉल्टवर गेली आणि बाकीची अशनींवर. (आकाशात सरकन जाते ती उल्का, आणि तिच्यातलं जे काही जमिनीवर येऊन पडतं तो अशनी. बोलताना आपण दोन्हीला उल्काच म्हणतो, चालतं.) दर उन्हाळ्यात नांगरटी आणि विहिरींची कामं सुरू झाली की लोक दगड घेऊन येतात, पिशवीतून, टॉवेलात गुंडाळून, एकदा तर एक आजी घमेल्यात घेऊन आल्या होत्या, हळदकुंकू वाहिलेला, वर झेंडूचं फूल. या सगळ्या वर्षांत असा लोकांनी आणून दिलेला खरा अशनी माझ्या हातात एकदाच आला. बाकी सगळे आपल्याच जमिनीतले. तरीही मी एकालाही 'उगाच आणला' असं म्हटलेलं नाही कारण तो एक असाच कोणीतरी घेऊन आला होता.

महाराष्ट्रात गोंधळ जास्त होतो त्याला कारण आहे. इतर ठिकाणी पांढरट वालुकाश्म किंवा चुनखडीच्या रानात एखादा काळा जड दगड पडला तर तो लगेच उठून दिसतो. आपल्याकडे राज्याचा बहुतेक भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकलेला. म्हणजे खडक मुळातच काळा, मुळातच वितळून झालेला, वर वायूच्या बुडबुड्यांची छिद्रं, हाताला जड, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण असल्यामुळे चांगलं चुंबक लावलं की ओढही जाणवते. लोकांनी इंटरनेटवर वाचलेलं असतं 'काळा, जड, चुंबकाला चिकटणारा' आणि आपल्या पायाखालचा निम्मा सह्याद्री त्या वर्णनात बसतो! त्यामुळे या तीन खुणांवर आपल्याकडे निकाल देताच येत नाही, पुढे जावंच लागतं.

सगळ्यात पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची खूण म्हणजे साल आणि गाभा यांच्यातला फरक. अशनी वातावरणात शिरतो तेव्हा सेकंदाला ११ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेग असतो, समोरची हवा इतकी दाबली जाते आणि तापते की दगडाचा वरचा थर वितळतो आणि उडून जातो, पण हे सगळं काही सेकंदांचं काम, उष्णता आत पोचायला वेळच मिळत नाही. मग हवेने वेग मारला की शेवटचा वितळलेला थर थिजतो आणि बाहेरून एक काळी साल उरते, तिला फ्युजन क्रस्ट म्हणतात. ही साल मिलिमीटरभरसुद्धा जाड नसते. आत मात्र नेहमीच्या अशनीचा रंग फिकट राखाडी, सिमेंटच्या ताज्या तुटलेल्या विटेसारखा. म्हणजे कोपरा फुटला की काळी पातळ रेघ आणि आत करडा गाभा, हे दिसायला हवं. तुमच्या दगडात बाहेर काळा आणि आतही काळा, वर काचेसारखा चकचकीत, हे लिहिलंय तिथेच माझं मन थोडं खाली बसलं, पण पुढे बघू.

यावरूनच अजून एक गोष्ट. लोक सांगतात दगड लालभडक पडला, गवत पेटलं, हात लावला तर भाजला. खरं तर जमिनीपासून पंधरा-वीस किलोमीटर वरच तो अंतराळातला वेग संपलेला असतो, तिथून खाली तो साध्या दगडासारखा पडतो, उजेड न करता, थंड हवेतून, आणि आतून तर तो अंतराळात राहिल्यामुळे गारच असतो. त्यामुळे ताजा पडलेला अशनी कोमट किंवा गार लागतो. आजोबांनी आकाशात आग पाहिली असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मोठी उल्का पाहिलेला माणूस ती जन्मभर विसरत नाही, पण उल्का दिसते तेव्हा ती शेकडो किलोमीटर लांब असू शकते आणि तरी 'आमच्या बांधामागेच पडली' असंच वाटतं. आजोबांची आठवण आणि हा दगड, दोन्ही आपापल्या जागी खरे असतील, त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

दुसरी खूण छिद्रं. अशनीत बुडबुड्यांची छिद्रं जवळजवळ नसतातच. बाहेरून अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असतात, मळलेल्या कणकेच्या गोळ्यावर बोटं दाबली की पडतात तसे, पण सुईने टोचल्यासारखी, खोल जाणारी, गोल भोकं दिसली तर तो वायू निघून गेलेला वितळलेला पदार्थ, म्हणजे बेसॉल्ट किंवा भट्टीतला मळ.

तिसरी टेस्ट घरी करा. टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या किंवा चिनीमातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कड, त्यावर दगड जोर लावून घासा. लालसर विटकरी रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी-करडी ठळक रेघ उठली तर मॅग्नेटाइट, दोन्ही लोखंडाची खनिजं. अशनी सहसा रेघ उमटवत नाही किंवा अगदी पुसट उमटवतो. ही साधी टेस्ट आहे पण विदर्भात फार कामाची, कारण चंद्रपूर-गडचिरोलीकडे लोहखनिज भरपूर आणि त्याचे गोटे घेऊन लोक दोनशे किलोमीटर प्रवास करून येतात.

चौथी म्हणजे खिडकी उघडणे. कानस घ्या, नसेल तर पॉलिश पेपर, आणि आधीच फुटलेल्या कोपऱ्यावर नखाएवढी जागा सपाट घासा. पूर्ण दगड फोडू नका, हातोडा तर नकोच. घासलेल्या जागी टॉर्च तिरका धरून बघा, करड्या पार्श्वभूमीवर चांदीसारखे चमकणारे धातूचे ठिपके विखुरलेले दिसले, आणि त्यांच्यात कुठे कुठे गोल दाणे दिसले, तर मला रात्री दोन वाजतासुद्धा कळवा. ते धातूचे ठिपके म्हणजे लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू. पृथ्वीवर पृष्ठभागाजवळ शुद्ध लोखंड जवळपास सापडत नाही कारण इथे ऑक्सिजन आणि पाणी त्याला सोडत नाहीत, गंजवून टाकतात. अशनीत ते ४५६ कोटी वर्षं तसंच राहिलंय.

आणि ते गोल दाणे म्हणजे कॉन्ड्रूल, ज्यांच्यावरून या अशनींना कॉन्ड्राइट नाव पडलं. राजगिऱ्याचा लाडू मधोमध तोडल्यावर जसे दाणे दिसतात ना, घट्ट चिकटलेले तरी प्रत्येक वेगळा, तसं ते दिसतं. सूर्याभोवती धूळ फिरत होती, ग्रह अजून व्हायचे होते, तेव्हा त्या धुळीचे गोळे क्षणभर वितळून थेंब झाले आणि तरंगता तरंगताच थिजले, ते हे दाणे. मायक्रोस्कोपखाली, ०.०३ मिलिमीटर जाडीच्या चकतीत, ऑलिव्हीन या खनिजाच्या पट्ट्यांचा एखादा गोल दाणा दोन पोलरॉइडमध्ये फिरवला की पट्ट्या निळ्या, जांभळ्या, पिवळ्या पेटत जातात. इतकी वर्षं झाली तरी नवीन चकती लावली की आधी मी कॉन्ड्रूलच शोधते, काम नंतर.

वजन तपासायचं असेल तर तेही घरी होतं. किचनचा डिजिटल काटा घ्या, त्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, दगड पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोऱ्याने पाण्यात सोडा, पूर्ण बुडला पाहिजे पण तळाला टेकता कामा नये. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके दगडाचे घनसेंटिमीटर. ३२०० ला त्या आकड्याने भागा. (तुमचा काटा पाच किलोचा असेल तर चालेल, कारण त्याच्यावर दगडाचं पूर्ण वजन येत नाही.) बेसॉल्ट २.८ ते ३ च्या आसपास येतो, साधा कॉन्ड्राइट साधारण ३.२ ते ३.८, मॅग्नेटाइट ५ च्या पुढे, लोहाचा अशनी ७.५ ते ८. पण खिडकीत धातू दिसला असेल तर ही टेस्ट करू नका, पाणी त्याला नको.

चुंबकाबद्दल एक विनंती, मोबाईलच्या स्पीकरमधलं किंवा ऑनलाइन मिळणारं ते नियोडिमियमचं जबरदस्त चुंबक दगडावर फिरवत बसू नका. अशनीच्या धातूत अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद असू शकते, तो ज्या ग्रहपिंडाचा तुकडा होता त्याच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरत होतं का ते त्यावरून कळतं, आणि असं चुंबक एकदा घासलं की ती नोंद कायमची पुसते. तुम्ही लावलंय तेवढं पुरे झालं. बघायचंच असेल तर फ्रिजवरचं साधं चुंबक दोऱ्याला टांगून जवळ न्या, ओढलं जातंय का तेवढंच बघायचं.

आता या खुणांना अपवाद आहेत ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत, कारण सगळ्यात मौल्यवान अशनी नेमके या टेस्टमध्ये नापास होतात. बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला एक दगड पडला, जगात तो शेरगोटी म्हणून ओळखला जातो. त्यात कॉन्ड्रूल नाहीत, धातूचे ठिपके नाहीत, दिसायला बेसॉल्टच. तो मंगळावरचा निघाला! त्याच्यासारख्या दुसऱ्या एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू आणि व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर मोजलेली हवा जुळली तेव्हा हे पक्कं झालं. तसाच जयपूरजवळ मुकुंदपुराला ६ जून २०१७ ला पहाटे शेतात पडलेला दगड, साधारण दोन किलोचा, पडल्या पडल्या फुटला कारण तो होताच ठिसूळ, कोळशासारखा काळा, हलका. तो कार्बनी कॉन्ड्राइट, सीएम प्रकारचा, त्याच्या खनिजांत पाणी बांधलेलं असतं आणि कार्बनचे सेंद्रिय पदार्थ असतात. असा दगड चुंबकाकडे फारसा बघतही नाही. म्हणून नियम असा धरा की पडताना पाहिला असेल, आवाज ऐकला असेल, ताजा खड्डा असेल तर कुठलीही टेस्ट न करता तो जपा. टेस्टा आहेत त्या नांगराला लागलेल्या अनोळखी दगडासाठी.

तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. २२ मे २०१२ ला दुपारी दोनच्या सुमारास काटोलवर मोठा धडाका झाला आणि दगडांचा पाऊस पडला, तीसेक तुकडे मिळाले, सगळे मिळून तेरा किलोच्या आसपास. रोहिणी लागायच्या बेतात, म्हणजे पहिल्या पावसाला फार तर दोन-तीन आठवडे. ते तुकडे लोकांनी तेव्हाच उचलले नसते तर एका पावसाळ्यात त्यांचा धातू गंजून, काळ्या मातीत रुतून निम्मी माहिती गेली असती. तो एल-६ प्रकारचा निघाला, एल म्हणजे लोखंड कमी असलेला गट आणि ६ म्हणजे मूळ पिंडाच्या आत इतका तापलेला की कॉन्ड्रूल पुसट झालेत. (गुजरातेत धजाळाला २८ जानेवारी १९७६ ला पडलेला एच-३.८, म्हणजे लोखंड जास्त आणि फारसा न तापलेला, बघितला तर उलट, दाणे कसे ठसठशीत. दोन्हींच्या चकत्या शेजारी ठेवल्या की विद्यार्थ्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.)

काटोलच्या दगडात पुढे जे सापडलं त्याने मी खरंच थक्क झाले होते. त्यात काळ्या बारीक शिरा आहेत, दोन पिंड अंतराळात आदळले तेव्हा क्षणार्धात वितळून परत थिजलेल्या. आयआयटी खरगपूरच्या लोकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट दाखवलं, २०२१ साली ते छापून आलं. आता ब्रिजमनाइट म्हणजे काय, तर आपल्या पृथ्वीत सगळ्यात जास्त असलेलं खनिज, पण ते ६६० किलोमीटरच्या खाली, कोणीही कधी पोचणार नाही अशा ठिकाणी. तिथून वर येताना दाब कमी झाला की ते मोडून जातं, म्हणून पृथ्वीवरचं आपण हातात धरू शकत नाही. त्या टकरीत हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहून जास्त दाब तयार झाला आणि लगेच सगळं गार पडलं म्हणून ते काटोलच्या दगडात टिकलं. म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या खनिजाचा नमुना आकाशातून काटोलच्या रानात येऊन पडला आणि तो कोणीतरी उचलून दिला म्हणून आज तो लॅबमध्ये आहे.

याच्या उलट गोष्टही तुमच्याच भागात झाली. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भभर लोकांनी आकाशात जळत जाणारी रांग पाहिली, उल्कापात म्हणून व्हिडिओ फिरले, आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला साधारण तीन मीटर व्यासाची धातूची कडी येऊन पडली, पुढच्या दिवसांत गोळेही सापडले. ते रॉकेटचे अवशेष. फरक कसा ओळखायचा तर वेगावरून, मोठी उल्कासुद्धा काही सेकंदांत संपते, आणि रॉकेटचा तुकडा कक्षेतून खाली येताना आडवा, संथ, मिनिटभर चालत राहतो आणि त्याचे बरेच तुकडे एकामागे एक रांगेत दिसतात. असं काही पडलं तर मात्र अजिबात हात लावायचा नाही, त्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो, तहसील नाही तर पोलिसांना कळवायचं.

लोणारचा दगड म्हणून काही विकत घेतलं असेल किंवा कोणी विकत असेल तर तेही स्पष्ट करते. लोणारला आदळलेला अशनी शिल्लकच नाही. साधारण १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडणारी टक्कर होते तेव्हा आदळणारा दगड स्वतः वितळून, वाफ होऊन जातो. विवराभोवती जे मिळतं तो आपलाच बेसॉल्ट, धक्क्याने काच झालेला, वितळून थेंब झालेला. त्यात फेल्डस्पार या खनिजाची झालेली काच असते, तिला मास्केलिनाइट म्हणतात, आणि ही काच सगळ्यात आधी ओळखली गेली ती वर सांगितलेल्या शेरगोटीत. म्हणून तर बेसॉल्टमध्ये झालेलं विवर मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना इतकं जवळचं वाटतं, मंगळाची जमीनही बेसॉल्टचीच. मग आदळलं काय होतं ते कळलं कसं? वितळलेल्या खडकात त्या पाहुण्याचा अंश मिसळलेला असतो, अगदी चिमूटभर. त्यातल्या क्रोमियमच्या आयसोटोपचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण पृथ्वीच्या क्रोमियमपेक्षा किंचित वेगळं भरतं, दशलक्षात काही भागांचा फरक, तेवढ्यावरून २०१९ मध्ये निष्कर्ष निघाला की तो सीएम प्रकारचा कार्बनी कॉन्ड्राइट होता, मुकुंदपुऱ्याच्या जातीचा. पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास जुनी घटना, पुरावा म्हणून एक तुकडा नाही, आणि तरी जात कळते. तिथले दगड उचलून आणू नका, अभयारण्य आहे ते.

आता समजा खिडकीत धातूचे ठिपके दिसलेच. मग पुढचं सगळं वेळेवर अवलंबून आहे, आणि हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे, ताज्या अशनीसाठी तर जास्तच. धुऊ नका. तेल, दूध, हळदकुंकू, शेंदूर लावू नका. देव्हाऱ्याजवळ ठेवा, मनोभावे नमस्कार करा, त्याला माझी काहीच हरकत नाही, फक्त कोरडा ठेवा. त्या घमेल्यातल्या आजींनाही मी हेच सांगितलं होतं, त्यांचा बेसॉल्ट निघाला पण त्यांनी विचारलं का गं लावायचं नाही, तर कारण असं की कार्बनी अशनीत अमिनो ॲसिडसुद्धा सापडतात, सजीवांत असतात तसलीच पण जीव नसताना तयार झालेली, आणि एकदा आपल्या हाताचा घाम आणि हळद त्यात मुरली की कुठलं अंतराळातलं आणि कुठलं आपल्या स्वयंपाकघरातलं हे वेगळं काढता येत नाही.

उचलायच्या आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून. मोबाईलवर लोकेशनची पिन टाकून ठेवा. मग स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. एक तुकडा मिळाला तर अजून असतात, लांबट अंडाकृती पट्ट्यात पडतात, मोठे तुकडे उल्का ज्या दिशेला चालली होती त्या टोकाला जास्त पुढे जातात, छोटे मागे राहतात. म्हणून गावात कोणी कुठून कुठे जाताना पाहिली ते विचारून लिहून ठेवा, दोन दिवसांत लोकांच्या आठवणी एकमेकींत मिसळून जातात.

घाई एवढ्यासाठी की अंतराळात असताना कॉस्मिक किरणांच्या माऱ्याने दगडात किरणोत्सारी अणू तयार होतात, पृथ्वीवर पडला की ते बनणं थांबतं आणि घड्याळ उलटं सुरू होतं. मँगनीज-५२ साडेपाच दिवसांत निम्मं, व्हॅनेडियम-४८ सोळा दिवसांत, सोडियम-२२ अडीच वर्षांत. आठवड्यात दगड डिटेक्टरवर चढला तर तो अंतराळात केवढा मोठा होता, किती वर्षं उघडा फिरत होता याचा अंदाज बांधता येतो. वर्षभर कपाटात राहिला तर यातले निम्मे साक्षीदार गेलेले असतात. (घाबरू नका, हा किरणोत्सार इतका कमी असतो की मोजायला शिशाच्या भिंतींआड दिवसच्या दिवस लागतात.)

दाखवायचा कुठे, तर तुम्हाला सोपं आहे, नागपुरातच सेमिनरी हिल्सला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस आहे. देशात पडलेले अशनी सांभाळायची जबाबदारी त्यांच्याकडेच आहे, कोलकात्याला त्यांचा जुना संग्रह आहे. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी यातलं मोठं नाव. दगड देताना लेखी पोच घ्या, सापडण्याची जागा आणि सापडणाऱ्याचं नाव नोंदवायला लावा, हे मी प्रत्येकाला सांगते, कारण एका ठिकाणी एका शेतकऱ्याने विश्वासाने दिलेला दगड फिरत फिरत कुठे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्या माणसाचा चेहरा मला आजही आठवतो.

लॅबमध्ये काय होतं तेही दोन ओळीत. आधी चकती, मग मायक्रोप्रोब या यंत्रावर ऑलिव्हीनच्या एकेका कणात लोखंड आणि मॅग्नेशियम मोजायचं, एल गटात लोखंडाच्या बाजूचा वाटा २३ ते २६ टक्के येतो, एच गटात १६ ते २०. दगड एल-६ सारखा तापलेला असला की कण कुठलाही घ्या, आकडा तोच येतो. शंका उरली तर ऑक्सिजनचे तीन आयसोटोप, ते म्हणजे दगडाचं गोत्र. पृथ्वीवरचा कुठलाही दगड, पाणी, हवा घेतली तरी ते आकडे एकाच रेषेवर पडतात, अशनी बहुतेक वेळा त्या रेषेबाहेर. तिथे कोणाची मतं चालत नाहीत. धातूचा गोळा असेल तर निकेल बघायचं, लोहाच्या अशनीत ते साधारण ५ टक्क्यांच्या पुढेच असतं. सराफाकडे सोनं तपासायचं मशीन असतं ना, ते एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, ओळखीचे असतील तर त्यावर निकेल दिसतंय का बघायला सांगा, आकडा बरोबर येणार नाही पण आहे की नाही ते कळेल. सोबत भरपूर क्रोमियम दिसलं तर मात्र ते स्टेनलेस स्टील.

तर तुमचा दगड. बारीक खोल छिद्रं, आत-बाहेर सारखाच काळा, काचेसारखी चकाकी, आणि चुंबकाला ओढ. फोटोशिवाय शंभर टक्के नाही सांगणार पण मला तो लोहकीट वाटतो, म्हणजे लोखंड गाळताना भट्टीत खाली उरणारा मळ. वैद्य लोक मंडूर भस्म करायला जुना मळ शोधतात तोच हा. अशनी नाही म्हणून तुम्ही नाराज व्हाल हे मला कळतंय, आजोबांना सांगतानाही वाईट वाटेल. पण थांबा. नागपूर जिल्ह्यातच नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघालीये, शिळावर्तुळं बांधणाऱ्या लोकांची, अडीच हजार वर्षांहून जुनी. तुमच्या शिवाराजवळ आता किंवा गेल्या शंभर वर्षांत लोहाराचा भाता, कारखाना, रेल्वेची खडी असं काही नसेल, तर तीन किलोचा मळाचा गोळा धुऱ्यावर आला कुठून हा प्रश्न उरतोच.

म्हणून एक काम करा. मृगाच्या आधी, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, त्याच जागी परत जा आणि वीस-पंचवीस पावलांच्या घेऱ्यात जमीन नीट बघा. असेच अजून गोळे आहेत का, लाल भाजलेल्या मातीचे तुकडे आहेत का, आणि मुख्य म्हणजे जाड मातीच्या नळीचा तुकडा, एका टोकाला वितळून काळा काचेसारखा झालेला, भात्याची हवा आत सोडायची नळी असते ती. काळी-तांबडी खापरं दिसली तर त्यांचेही फोटो काढा. काहीही उकरू नका, उचलू नका, फक्त पिन टाका आणि फोटो इथे लावा, कोपऱ्यावर घासलेल्या खिडकीचा एक जवळून काढलेला फोटोही. नळी दिसली तर मी स्वतः पुरातत्त्वाच्या लोकांशी बोलेन, आणि तोवर तेवढा धुरा नांगरायचा बाजूला ठेवा.